खाऊन या

सकाळी ७

रक्त तपासणीच्या खिडकीपुढची रांग आत्ताच जिन्यापर्यंत आली आहे. बीड, जालना, परभणी, हिंगोली. रात्रीच्या एसटीने निघालेली माणसं स्टँडवरून थेट इथे, कॅन्सर रुग्णालयात येतात, पिशवी भिंतीला लावतात आणि तिच्याच शेजारी बसतात. आज श्रावणी सोमवार. वेरूळ, औंढा, परळीकडे जाणाऱ्या गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती म्हणे, त्यामुळे काही जण रात्रभर उभ्यानेच आलेत.

या रांगेतला जवळजवळ प्रत्येक माणूस उपाशी आहे. काल रात्री आठ-नऊला जे काही पोटात गेलं तेवढंच, त्यानंतर चहासुद्धा नाही, कारण 'रक्त द्यायचंय'. केमोआधी जी तपासणी होते ती मुख्यतः रक्तातल्या पेशींची मोजणी आणि मूत्रपिंड, यकृत नीट चाललंय की नाही हे पाहणारी. तिला उपाशी राहावं लागत नाही. पण खिडकीवर 'उपाशीपोटी यावे' अशी एक जुनी पाटी आहे. ती साखरेच्या तपासणीसाठी लावलेली होती, हळूहळू सगळ्यांनाच लागू झाली. पाटी बदला म्हणून इथली आहारतज्ज्ञ या नात्याने मी अर्ज दिलाय, तो कुठल्या टेबलावर आहे ते विचारणं मी सोडून दिलं. त्यापेक्षा सकाळी रांगेतून एक चक्कर मारलेली बरी.

"आजी, काही खाल्लं का?"

"न्हाई बाई, रक्त काढायचंय ना."

"खाऊन चालतं. काय आणलंय?"

पिशवीतून फडकं निघतं, फडक्यातून दशम्या. दुधात मळलेल्या, वर कारळाची चटणी. आजी माझ्याकडे संशयाने बघतात, मग खिडकीकडे बघतात आणि शेवटी नातवाला विचारतात, "खाऊ का रं?" नातू पाटीकडे बोट दाखवतो. मी साखरेची चिठ्ठी नाही ना ते कागद बघून ठरवते आणि खा म्हणते. आजी खातात, पण तोंडावर पदर धरून, चोरून खाल्ल्यासारखं.

हिशोब साधा आहे. रात्री नऊला जेवण, सातला रांग, दहाला रिपोर्ट, मग डॉक्टर, मग औषधाची चिठ्ठी, मग खाट रिकामी होण्याची वाट. सलाइन लागायला दुपारचे बारा-एक वाजतात. पंधरा-सोळा तास काहीही न खाल्लेल्या शरीरात आम्ही केमो सोडतो आणि मग लिहितो, 'रुग्णास उलट्यांचा त्रास'.

पावणेआठ

स्वयंपाकघर. पाच मिनिटांचं काम, पण टाळता येत नाही. आज उपवासाच्या नावाखाली सगळ्या वॉर्डात साबुदाण्याची खिचडी जाणार होती. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसतं पिष्ट, शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं अर्धा ग्रॅमही भरत नाहीत. भगर आणि दाण्याची आमटी करायला सांगितली. आचाऱ्याने कूट काढून दाखवलं, मी आणखी दोन वाट्या घालायला लावलं. त्याचं म्हणणं, आमटी पिठल्यासारखी होईल. होऊ दे.

पावणेनऊ

बाह्यरुग्ण विभाग उघडायच्या आधी वजनकाटा. चप्पल काढा, शाल काढा, खिशातला मोबाइल काढा, पिशवी ठेवा. पुरुष मंडळी टोपीसकट उभी राहतात, ते चालतं.

आकडा सगळेच लिहून घेतात, वाचत कुणी नाही. केसपेपरच्या डाव्या कोपऱ्यात वजनाला चौकट असते, तिच्यात मागच्या चार तारखांची वजनं ओळीने दिसतात. उतरती भाजणी. डोळ्यांसमोर असूनही ती कुणाला दिसत नाही, कारण प्रत्येक वेळी वजन फक्त औषधाचा डोस काढायला पाहिलं जातं. उंची आणि वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढायचं आणि त्यावर औषध. वजन दहा टक्क्यांच्या आसपास हललं की डोस पुन्हा मोजतात. म्हणजे आकडा औषधासाठी उपयोगी पडतो, माणसासाठी नाही.

हे आजचं दुखणं नाही. १९८० साली अमेरिकेत डीवीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केमो घेणाऱ्या ३,०४७ रुग्णांची नोंद तपासली होती. केमो सुरू होण्याच्या आधीच ज्यांचं वजन उतरलं होतं ती माणसं, कॅन्सर तोच असूनही, लवकर गेली. २०११ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी बसून रेघ आखली: सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं की ते साधं बारीक होणं समजायचं नाही. आजाराने पेटलेली दाहाची प्रक्रिया स्नायू खात असते, आणि अशा वेळी नुसतं जास्त खाऊन झीज पूर्ण भरून येत नाही. म्हणून तर ती सुरू होण्याच्या आत माणूस हाताला लागला पाहिजे.

आणि काटा खोटंही बोलतो. आज रांगेत एक बाई आहेत, अंडाशयाचा कॅन्सर. मागच्या वेळेपेक्षा वजन दीड किलो जास्त. सोबतची बहीण खूश, "बघा मॅडम, अंगात भरली." दंडाला टेप लावला तर तो मागच्यापेक्षा बारीक. पोटात पाणी साठलंय, वजन त्याचं आहे. दुसरीकडे स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांचं वजन केमोत पुष्कळदा खरंच वाढतं, पण वाढते ती चरबी, स्नायू घटत असतो. म्हणून माझ्या टेबलावर मूठ आवळून दाबायचं एक यंत्र आहे. बाईची पकड १८ किलोच्या खाली आणि पुरुषाची २८ च्या खाली गेली की मी पेपरवर लाल खूण करते. बायकांना ते यंत्र आवडतं. "ऊस तोडलाय मी, हे काय दाबायचं," म्हणत एकीने दाबलं. चौदा. तिने यंत्र हलवून पाहिलं, पुन्हा दाबलं. तेरा.

साडेदहा

डे-केअर. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना आरामखुर्च्या, प्रत्येकीच्या डोक्यावर बाटली. दिवसाचे तीन तास माझे इथे जातात आणि दिवस इथेच ठरतो.

पहिल्या खुर्चीत अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या एक मावशी, शेजारी सून आणि मुलगा. पाडव्याच्या सुमारास वजन ४८, आज ४२. साडेबारा टक्के गेले. मी कधीच 'जेवण कसं आहे' असं विचारत नाही, कारण उत्तर 'बरं हाय' असंच येतं. कालचा दिवस उलगडायचा.

"काल उठल्यावर पहिलं काय गेलं पोटात?"

"च्या."

"दुधाचा?"

"दूध टाकलं की उमळतंय. कोराच."

"त्याच्यासंगं?"

"बटर. अर्धं. बुडवून."

"दुपारी?"

इथे सून मधे पडते. "वाटीभर वरणभात खाल्ला की त्यांनी."

"कवा? दोन घास घेतले अन् सारलं."

"दिला होता मॅडम वाटीभर."

दोघीही खरं बोलतात. घरचे वाढलेलं सांगतात, रुग्ण गिळलेलं सांगतो. म्हणून मी सुनेला विचारते, "ताट परत आलं तेव्हा त्यात किती होतं?" ती क्षणभर थांबते. "बहुतेक सगळंच." मग पेज किती, बिस्किटं किती, साखर चमचाभर की दोन, वाटी ही की ती. टेबलावर तीन मापांच्या वाट्या ठेवलेल्या आहेत, कारण मराठवाड्यात वाटी म्हणजे आमटीची वाटीही असते आणि तेलाची वाटीही. कागदावर बेरीज केली: चारशेच्या आतबाहेर कॅलरी, प्रथिनं सात-आठ ग्रॅम. मावशींना किलोमागे २५ ते ३० कॅलरी धरून रोज १०५० ते १२६० लागतात, प्रथिनं किमान बेचाळीस ग्रॅम, जमलं तर साठ. म्हणजे गरजेच्या तिसऱ्या हिश्शावर बाई जगते आहे आणि वरून केमो घेते आहे.

आता मुलगा बोलतो. "गोड आम्ही बंदच केलंय. दूधही. अन् भातही कमी." कुणी सांगितलं? मोबाइल पुढे येतो. व्हिडिओत एक गृहस्थ पांढरा कोट घालून सांगताहेत की साखर हे कॅन्सरचं खाद्य आहे.

या गोष्टीला शेपूट आहे, म्हणून ती मरत नाही. १९२० च्या दशकात जर्मनीतल्या ओटो वारबुर्ग यांना दिसलं होतं की गाठीच्या पेशी ग्लुकोज प्रचंड वेगाने ओढतात. पेट स्कॅन त्याच गुणावर चालतो. ज्या जागी ग्लुकोज जास्त खेचलं जातं ती जागा चमकते. पण घरात साखरेचा डबा लपवल्याने गाठ उपाशी राहत नाही. रक्तातली साखर शरीर टिकवणारच, बाहेरून मिळाली नाही तर स्नायू वितळवून बनवणार. मी मुलाला आईचा दंड धरायला सांगितला. "साखर इथून जातीय," म्हटलं. त्याने दंड धरला आणि सोडला नाही बराच वेळ. मधुमेह असलेल्यांचा हिशोब वेगळा, विशेषतः केमोसोबत स्टेरॉइड असेल तर; पण मावशींना मधुमेह नाही.

माझं सगळं काम हे असं आहे. लोकांना वाटतं आहारतज्ज्ञ म्हणजे काय बंद करायचं ते सांगणारी बाई. "काय काय बंद करू?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि माझ्याकडे येईपर्यंत यादी झालेली असते: दूध कफ करतं, केळं थंड, अंडं उष्ण, वांगं वातूळ, दही रात्री नको, तेल नको, मीठ नको. एका घरात पाच शेजारणी येऊन गेल्या की पाच पदार्थ जातात. त्या जागी येतं काय, तर गव्हांकुराचा रस, लक्ष्मणफळाचा अर्क, कसला तरी काढा. ज्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात त्याच आठवड्यात माणूस न शिजवलेला रस पितो आणि शिजवलेलं वरण नाकारतो. कॅन्सरने जेवढं अन्न तोडलं नसेल तेवढं मायेने तोडलंय, असं मी वॉर्डात मोठ्याने म्हणत नाही, पण मला तसं वाटतं.

मावशींची यादी उलटी लिहून दिली. चहा दुधाचा नको ना, मग ताकात किंवा आंबिलीत दूध पावडर दोन चमचे. मऊ भातावर मेतकूट आणि तूप, एक चमचा नाही, दोन. मुगाचं कढण गाळून. दर दोन तासांनी अर्धी लहान वाटी, घड्याळ लावून, भुकेची वाट न बघता. सुनेला आणखी एक सांगितलं: "खाणार का, असं विचारायचं नाही. शेजारी ठेवायचं आणि उठून जायचं." घराघरात खाण्यावरून जे युद्ध पेटतं त्यात रुग्णाच्या हातात एकच हत्यार असतं, तोंड मिटणं. समोर कुणी उभंच नसेल तर ते उगारायचं कुणावर?

तिसऱ्या-चौथ्या खुर्च्यांमध्ये आज एक मजेशीर जोडी आली आहे. दोघांनाही आतड्याचा कॅन्सर, दोघांच्याही बाटल्यांवरची नावं मिळतीजुळती. एका काकांना फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाचा झटपट डोस. त्यांना सिस्टर आधी पाच मिनिटं आणि पुढे अर्धा तास बर्फाचे खडे चघळायला देतात. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं, आठवड्याने येणारे फोड कमी येतात. शेजारच्या दादांना त्यासोबत ऑक्सालिप्लॅटिनही आहे. त्यांनी काकांचं बघून बर्फ मागितला. ऑक्सालिप्लॅटिनवर थंड पाण्याचा घोटसुद्धा घशात काटा टोचल्यासारखा लागतो, फ्रिजचा दांडा धरला तरी बोटांना झिणझिण्या येतात. एका खुर्चीवर बर्फ औषध, दीड फुटावर तोच त्रास. दादांना थर्मासमधलं कोमट पाणी दिलं आणि काकांना पाठ फिरवून बसायला लावलं.

खिडकीजवळच्या ताईंनी डबा उघडला तर पुरणपोळी. आज केमो आहे म्हणून आईने पहाटे उठून, आवडीची, मुद्दाम. मी आईला बाजूला घेतलं. १९७८ मध्ये अमेरिकेत इलीन बर्नस्टाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केमोच्या आधी मुलांना एका नव्याच चवीचं आइस्क्रीम दिलं होतं. नंतर त्या मुलांना तीच चव नकोशी झाली. मळमळ आणि चव यांची गाठ मेंदू आपल्या मर्जीविरुद्ध बांधून टाकतो. मी गेली काही वर्षं याचंच भाषांतर करून सांगते: आवडीचं खाणं केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस घरात शिजवूच नका, नाहीतर ते कायमचं जाईल. केमोच्या दिवशी बिनओळखीचं, साधं काहीतरी. आईंनी पुरणपोळी फडक्यात गुंडाळली. सिस्टरना दोन मिळाल्या.

त्याच ताईंना मी माझा आवडता प्रश्न विचारला, ज्याला केसपेपरवर चौकट नाही. "घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच."

"केमोच्या तिसऱ्या दिवशीही?"

"मग कोण करणार?"

फोडणीच्या वासाने त्या तिन्ही वेळा उलटी करतात, तोंड धुतात आणि भाकरी थापायला बसतात. स्वतः जेवत नाहीत, कारण तोवर पोटात काही ठरतच नाही. याला मळमळीची गोळी किती वाढवायची? नवऱ्याला बोलावून सांगितलं की पहिले पाच दिवस चूल तुमची किंवा शेजारणीची, आणि यांचं जेवण गार करून, गरम वाफेसकट नाही; गार अन्नाला वास कमी. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि भाकरी थापणं यात अंतर आहे, हे मलाही माहीत आहे.

कोपऱ्यातल्या आजींनी सोळा सोमवार धरलेत, बरं वाटावं म्हणून. सिस्टर माझ्याकडे बघतात, मी आता ओरडणार म्हणून. मी नवसाशी भांडत नाही, हरायला होतं. आजींचं रोजचं खाणं विचारलं तर भाकरीचा कुस्करा आणि पातळ कोरड्यास. उपवासाचं ठरवलं: सकाळी दूध-राजगिरा, दुपारी भगर आणि दाट दाण्याची आमटी, चारला दही-केळं, रात्री खजूर-दूध. या बाईंचा उपवास त्यांच्या जेवणापेक्षा पौष्टिक निघाला. जाताना म्हणाल्या, "मंगळवारीबी धरू का?"

पावणेदोन

डबा उघडला. उभ्यानेच.

दोन वाजता, पुरुषांचा वॉर्ड

तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, या वॉर्डात बसून ती खरी वाटत नाही. इथे कुणाचं तोंड बोटभर उघडतं, कुणाचं तेवढंही नाही. खाणं नाकातून घातलेल्या नळीने. ही रायल्स ट्यूब. जॉन रायल नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९२१ मध्ये आणली, शंभर वर्षांत तिच्यात फारसा फरक नाही.

आज एका शेतकऱ्याच्या बायकोला शिकवायचं आहे, उद्या ते घरी जाणार. नवरा उशांना टेकून अर्धा बसलेला. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून टाकायचा, नुसती नळी नळीला जोडायची आणि हात उंच धरायचा. अन्न स्वतःच्या वजनाने खाली उतरलं पाहिजे. दट्ट्याने ढकललं की पोट फुगतं, उलटी होते, उलटी फुप्फुसात गेली तर संपलं. तिने पहिल्यांदा ओतलं ते अडलं. वरणात जिऱ्याचा अख्खा दाणा होता. "फोडणी द्यायची नाही," मी म्हटलं. तिने चमकून बघितलं. बिनफोडणीचं वरण नवऱ्याला द्यायचं तिच्या जिवावर आलं. मग गाळणी. चहाची गाळणी चालते, पण चहाची नको, वेगळी. दुसऱ्यांदा हात उंच धरला, वरण हळूहळू खाली सरकलं. ती ते सरकताना ओठ हलवत होती, भरवताना आपण हलवतो तसे. दोनशे मिलिलीटर, दर दोन तासांनी. शेवटी थोडं पाणी, नळी स्वच्छ. पुढचा अर्धा तास आडवं करायचं नाही. तिने हे सगळं लिहून घेतलं नाही. शाळेत गेलेली नाही. मी तिच्या मुलीला फोन लावला आणि मुलीकडून तेच परत म्हणवून घेतलं.

पलीकडच्या खाटेवर अडचण उलटी आहे. काल रात्री दाखल झालेले गृहस्थ, दहा-बारा दिवस जवळपास फक्त पाण्यावर. नातेवाइकांची घाई, "आता नळी टाकलीय तर भरपूर द्या." भरपूर दिलं तर ते जाऊ शकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी पोटभर जेवून दगावले, तीच गोष्ट. उपाशी शरीराला एकदम अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदय बिघडतं. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन, फॉस्फरसची तपासणी, आणि अन्न किलोमागे दहा कॅलरींपासून, रोज थोडं वाढवत. माझ्या चिठ्ठीवरचा आकडा बघून धाकटा भाऊ चिडला. "एवढंसं? तुम्ही खायला घालणाऱ्या ना?" आज दिवसभर मी ज्यांना ज्यांना 'जास्त खा' म्हटलं त्यांच्यात हा एकच अपवाद आणि तोच मला समजावता आला नाही. निवासी डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं, मग पटलं.

सव्वाचार

डॉक्टरांच्या खोलीत पंधरा मिनिटं. मी लाल खुणांचे पेपर पुढे करते, ते औषधं बघतात. अल्ब्युमिन कमी आलं की अजूनही काही जण 'प्रोटीन पावडर द्या' लिहितात. अल्ब्युमिन दाहामुळे घटतं, ताटाशी त्याचं नातं सैल आहे. आमच्या सरांना ते ठाऊक आहे, त्यामुळे वाद नाही. मावशींच्या पेपरवर आम्ही थांबलो. भूकच लागत नाही. पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये छापून आला: जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण, रोज ओलान्झापिनची अडीच मिलिग्रॅमची गोळी, बारा आठवडे. औषध घेणाऱ्या साठ टक्के लोकांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत फक्त नऊ टक्के. जुनं, स्वस्त, मानसोपचारातलं औषध. मावशींचा कॅन्सर त्या यादीतला नाही, पण सरांनी लिहिलं. झोप जास्त येईल, सुनेला सांगा म्हणाले.

पावडरचा डबा मात्र मी लिहीत नाही, जोवर घरचं ऐपतीचं दिसत नाही. शेतावर दोन-तीन दिवस राबावं तेव्हा एक डबा येतो, आणि मग तो महिनाभर पुरवायचा म्हणून दिवसाला एक चमचा दिला जातो. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे आणि फुटाण्याचं डाळं समान, त्याहून थोडी कमी दूध पावडर, तेवढाच गूळ, सगळं कुटून. शंभर ग्रॅमला चारशेच्या वर कॅलरी, वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. दाणे खवट किंवा बुरशीचे नकोत, एवढी एकच अट. दुधात, ताकात, पेजेत, नुसतं, कसंही.

साडेपाच

फोन. ज्यांच्या केमोला सात ते दहा दिवस झालेत त्यांना. तोंड येण्याचे, पेशी घसरण्याचे हेच दिवस. माणूस घरी असतो आणि पुढची तारीख दोन आठवड्यांवर. तीन आठवड्यांच्या चक्रात आम्ही त्याला एक दिवस बघतो.

बरेच फोन लागत नाहीत. सोबत्याचा नंबर दिलेला असतो आणि सोबती शेतावर. एकाने उचलला, तोंडात फोड, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू आहेत, भाकरी बंद. ताप? नाही. ताप आला तर थांबायचं नाही, रात्री असली तरी निघायचं, एवढं दोनदा सांगितलं. फोड जाईपर्यंत खीर, दहीभात, केळं कुस्करून. तिखट नाही, आंबट नाही.

शेवटचा परभणीला. फुप्फुसाच्या कॅन्सरचे एक चाचा, फोनवर त्यांची मुलगी. "मॅडम, अब्बांना रोज यखनी देतोय. एक दिवस खंड नाही. तरी वजन उतरतंच आहे."

"यखनीतलं मटण?"

"ते काढून घेतो ना. अब्बांना नुसतं पाणी, ताकदीचं."

"आणि बोटी कोण खातं?"

जरा वेळ आवाज नाही. "भाऊ."

रश्श्यात चव उतरते, मीठ उतरतं, थोडी चरबी. प्रथिनं बोटीतच राहतात. शिजलेल्या शंभर ग्रॅम मटणात पंचवीस ग्रॅमच्या आसपास. हे घरोघरी आहे, हिंदू घरात पाया सूप, नाहीतर कोंबडीचा रस्सा. आजाऱ्याला पाणी आणि धडधाकटाला मांस. चावत नाही म्हणून काढता का, विचारलं तर हो, दात नाहीत. मग खिमा करा, बारीक, अंडं फोडून घाला, एका वेळी मूठभर, दिवसातून दोनदा. आणि ती यखनी फेकायची नाही, तिच्यातच भात शिजवायचा, मऊ, वर चमचाभर तूप. भावाला सांगा, त्याला अंडं चालेल.